लहान आरमाराची मोठी शिस्त

चंदीगडच्या सेक्टर २२ मधील एखाद्या घरी बसून आपण हा लेख वाचीत असाल, तर समुद्र आपल्यापासून सुमारे हजार किलोमीटर दूर आहे. तेथील मुलांना होडी पाहावयाची झाली, तर सुखना तलावाचा काठ गाठावा लागतो. परंतु त्या घरातील चुलीला लागणारा गॅस आणि दारच्या गाडीला लागणारे तेल यांचा मोठा भाग परदेशांतून जहाजांनीच येतो. समुद्र दृष्टीआड असला, की त्याचे मोलही सहज दृष्टीआड होते. असे झाले म्हणजे राज्याला काय किंमत मोजावी लागते, हे मराठ्यांच्या आरमाराच्या इतिहासावरून उत्तम कळते.

१६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण व भिवंडी जिंकून घेतली आणि लवकरच तेथील खाडीत जहाजे बांधण्यास आरंभ केला. कोकणचा किनारा त्या वेळी परक्यांच्या धाकाखाली होता. जंजिऱ्यास सिद्दी होता, तर गोव्यास आणि वसईस पोर्तुगीज होते. आपल्याच समुद्रात व्यापार करावयाचा, तर पोर्तुगिजांचा परवाना घ्यावा लागे. प्रारंभी काही पोर्तुगीज कारागीर महाराजांच्या कामावर होते. ते काम सोडून निघून गेले, तरी जहाजे बांधण्याचे काम थांबले नाही. १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणजवळच्या बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला आणि पुढच्याच फेब्रुवारीत स्वतः महाराज आरमार घेऊन बसरूरच्या स्वारीवर गेले.

हे आरमार आकाराने लहानच होते. युरोपीय लोकांपाशी होती तशी उंच, अवजड तोफांची जहाजे त्यात जवळजवळ नव्हती. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे जहाज. त्याचा तळ उथळ असल्यामुळे ते खाडीत शिरू शके. गलबत त्याहून लहान. ते शिडांवर चाले आणि वल्ह्यांवरही. वारा पडला, की शत्रूचे मोठे जहाज जागच्या जागी खिळून राही. गलबते मात्र वल्ही मारून गुराबांना ओढीत नेत आणि ज्या बाजूस शत्रूच्या तोफा कमी, त्या पिछाडीकडून हल्ला चढवीत. शत्रूचे बळ पाहून त्याची नक्कल करावयाची नाही, तर आपला किनारा, आपला वारा आणि आपली माणसे पाहून साधने निवडावयाची, हे या आरमाराचे पहिले शहाणपण होय. ती माणसे म्हणजे कोळी, भंडारी, गाबीत आणि दालदी. समुद्र त्यांच्या घरचाच होता.

या शहाणपणाची कसोटी १६७९ मध्ये लागली. मुंबईच्या तोंडाशी असलेले खांदेरी बेट मराठ्यांनी ताब्यात घेऊन तेथे तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी बेटास वेढा घातला. मायनाक भंडारी यांनी बेट धरून ठेवले आणि दौलतखानाच्या हाताखालील आरमार त्यांच्या मदतीस होते. ऑक्टोबरातील लढाईत इंग्रजांचे ‘रिव्हेंज’ हे मोठे जहाज टिकून राहिले, हे मान्य केले पाहिजे. तथापि रात्रीच्या अंधारात रसद घेऊन बेटावर जाणाऱ्या मराठ्यांच्या छोट्या होड्या इंग्रजांना अडविता आल्या नाहीत. अखेर १६८० च्या आरंभी त्यांनी वेढा उठविला.

केवळ शौर्यावर आरमार चालत नाही. त्याला नित्याची शिस्त लागते. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिल्या गेलेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त या शिस्तीचे नियम आढळतात. एका सुभ्यात पाच गुराबा व पंधरा गलबते असावीत. आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर टाकू नये, कारण त्यामुळे व्यापारी गांजले जातील आणि बंदरे ओस पडतील. पावसाळ्यात जहाजे किल्ल्याच्या आश्रयास ठेवावीत. लाकडासाठी रयतेची आंब्याफणसाची झाडे मालकाच्या संमतीवाचून व मोबदल्यावाचून तोडू नयेत. अशी झाडे वर्षा-दोन वर्षांत वाढत नसतात. युद्धाच्या शास्त्रात गरीब शेतकऱ्याच्या फणसाचीही काळजी वाहिलेली पाहून आजच्या वाचकाचेही मन भरून येईल.

हीच परंपरा कान्होजी आंग्रे यांनी कळसास नेली. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ यांनी त्यांच्याशी तह करून त्यांना शाहू छत्रपतींच्या पक्षात आणिले. कान्होजींचे दस्तक घेतल्यावाचून कोकण किनाऱ्याने जहाज नेणे अवघड झाले. इंग्रज त्यांना चाचे म्हणत. पण परवाना मागणे हा जर चाचेपणा असेल, तर त्याचा पहिला धडा पोर्तुगिजांनीच घालून दिला होता. १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर इंग्रजांनी केलेले हल्ले फसले. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज एक होऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले. तेव्हा थोरले बाजीराव फौजेनिशी कान्होजींच्या मदतीस धावले आणि ती मोहीमही वाया गेली.

आता पुढचा प्रसंग पाहा. १७२९ मध्ये कान्होजी वारले. मुलांत वितुष्ट येऊन कुलाबा व विजयदुर्ग अशी दोन घरे झाली. विजयदुर्गचे तुळाजी आंग्रे पराक्रमी होते, पण पेशव्यांना जुमानीत नसत. त्यांचे पारिपत्य करण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन समुद्राकडून विजयदुर्गावर आला; जमिनीच्या बाजूस पेशव्यांची फौज उभी होती. तोफांच्या माऱ्यात एका जहाजास आग लागली, ती पसरत गेली आणि तुळाजींचे आरमार जळून गेले. किल्लाही इंग्रजांनी काही महिने आपल्याच हाती ठेविला. पस्तीस वर्षांपूर्वी जी फौज आरमाराच्या मदतीस आली होती, तीच या वेळी त्याच्या शत्रूच्या बाजूस होती.

बेबंद सरदारास वठणीवर आणणे हा राज्याचा हक्कच होय. परंतु सरदार आणि आरमार यांतील भेद पुण्यास दिसला नाही. सरदार बदलता येतो. खलाशांच्या पिढ्यांनी कमावलेली विद्या एका दिवसात उभी करिता येत नाही. पुढे आनंदराव धुळप यांनी पेशव्यांचे आरमार चालविले आणि १७८३ मध्ये ‘रेंजर’ हे इंग्रजी जहाज पाडावही केले. तरी इंग्रजांना किनाऱ्यावर रोखण्याचे जुने सामर्थ्य परत आले नाही.

स्वतंत्र भारताने हे ऋण विसरलेले नाही. मुंबईचे नौदल ठाणे १९५१ पासून ‘आंग्रे’ या नावाने ओळखले जाते. लोणावळ्यास ‘शिवाजी’ या संस्थेत नौदलाचे अभियंते शिकतात. २०२२ मध्ये नौदलाच्या ध्वजावर शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी आकृती आली. २०२५ मध्ये खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग यांची नावे जागतिक वारशाच्या यादीत आली.

या चार किल्ल्यांपैकी एखादा पाहण्याचा योग आला, तर मुलांना अवश्य बरोबर न्या. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत आंग्र्यांची खडकात खोदलेली गोदी आहे, तीही त्यांना दाखवा. जहाज बांधणारे हात, ते चालविणारी माणसे आणि त्यांची कदर करणारे राज्य ही तिन्ही एकत्र असली, तरच आरमार उभे राहते, एवढे त्यांना तेथे सांगा. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनी तर हे अधिकच लक्षात ठेविले पाहिजे.