अंधुक दृश्यमानतेतील उपकरणावतरण : वैमानिक व नियंत्रक यांची कार्यविभागणी

हिवाळ्यातील एखाद्या पहाटे दाट धुके उतरले, म्हणजे मंठ्याहून जालन्याकडे निघालेला मोटारचालक वेग कमी करतो. रस्ता मुळीच दिसेनासा झाला तर गाडी कडेला घेऊन थांबतो. विमानास ही सोय नाही. हवेत राहण्यासाठी त्यास किमान वेग राखावाच लागतो आणि जवळचे इंधन मोजकेच असते. त्यामुळे वैमानिकापुढील प्रश्न दुहेरी आहे : धावपट्टी दिसत नसता तिच्यापर्यंत कसे यावे, आणि अखेरपर्यंत ती दिसलीच नाही तर कोठून परत फिरावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर यंत्रांनी दिले आहे. दुसऱ्याचे उत्तर नियमांनी द्यावे लागते, आणि सुरक्षितता बव्हंशी त्यावरच अवलंबून असते, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम यंत्ररचना पाहू. धावपट्टीच्या दूरच्या टोकाशी 'लोकलायझर' नावाचा रेडिओ-प्रक्षेपक असतो. तो सुमारे १०८ ते ११२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात दोन शलाका सोडतो. येणाऱ्या वैमानिकाच्या डाव्या बाजूस ९० हर्ट्झचे स्पंदन प्रबळ असते, उजव्या बाजूस १५० हर्ट्झचे. दोन्ही समान भरली म्हणजे विमान धावपट्टीच्या मध्यरेषेवर आहे असे समजावे. याच तत्त्वावर चालणारा दुसरा प्रक्षेपक, 'ग्लाइड स्लोप', विमान टेकण्याच्या जागेजवळ धावपट्टीच्या बाजूस उभा असतो. तो सामान्यतः ३ अंशांचा उतार दर्शवितो. या उतारावर विमान दर सागरी मैलास सुमारे ३१८ फूट, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ५२ मीटर खाली येते.

यावरून एक गोष्ट उघड होते. उंचीच्या आकड्यास स्वतःचा असा अर्थ नाही. तो अंतराच्या जोडीनेच वाचावा लागतो. ७ जुलै १९६२ च्या रात्री अलितालिया कंपनीचे डीसी-८ जातीचे विमान बँकॉकहून मुंबईस येत असता जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले व त्यातील सर्व ९४ माणसे मृत्यू पावली. हे स्थळ मुंबईपासून सुमारे ८४ किलोमीटर दूर आहे. आपण आहोत त्याहून मुंबईच्या अधिक जवळ आहोत, अशी वैमानिकाची समजूत झाली आणि त्याने वेळेआधीच खाली येण्यास आरंभ केला, असा चौकशीचा निष्कर्ष होता. विमान सुमारे ३,६०० फूट उंचीवर आदळले. वरील हिशेबाने ही उंची धावपट्टीपासून सुमारे २१ किलोमीटरवर योग्य ठरली असती. सह्याद्रीच्या माथ्यावर तीच प्राणघातक ठरली. अवतरण-शलाकांचा भरवशाचा पल्ला इतक्या दूरवर पोचत नाही. म्हणून शलाका हाती येईपर्यंत नेमून दिलेल्या किमान उंचीखाली न उतरणे, आणि आपले स्थान दुसऱ्या स्वतंत्र साधनाने पडताळून घेणे, हा पहिला नियम होय.

दुसरी अडचण खुद्द उंचीमापकाची आहे. हे उपकरण वस्तुतः हवेचा दाब मोजते; त्या दिवसाचा स्थानिक दाब त्यावर लावल्याखेरीज ते खरी उंची सांगत नाही. १९ जुलै १९५९ रोजी सांताक्रूझ येथे पावसात उतरू पाहणाऱ्या एअर इंडियाच्या विमानाचा उंचीमापक २९.९२ इंचांवर लावलेला होता; कळविलेला दाब २९.२९ इंच होता. एक इंच पाऱ्यास स्थूलमानाने हजार फूट धरल्यास, उपकरण सुमारे ६०० फूट अधिक उंची दाखवीत होते. विमान नष्ट झाले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. नियंत्रकाने सांगितलेला दाबाचा आकडा वैमानिकाने उलट म्हणून दाखविण्याची पद्धत किती आवश्यक आहे, हे यावरून ध्यानात यावे.

दाब कळविणे हे नियंत्रकाचे एक काम झाले. धावपट्टीलगतच्या मापकांवरून तो तेथील दृश्यमानता मीटरमध्ये सांगतो. शलाकांच्या मार्गात उभे असलेले विमान वा वाहन त्यांना परावर्तित करून वाकवू शकते. म्हणून धुक्यात तो ते क्षेत्र मोकळे ठेवतो व येणाऱ्या विमानांत अधिक अंतर राखतो. विमानतळाची क्षमता धुक्यात घटते, याचे एक प्रमुख कारण हेच. तथापि विमान उतरवावे की नाही, हा निर्णय नियंत्रकाचा नव्हे. त्याची अनुज्ञा म्हणजे धावपट्टी मोकळी असल्याची ग्वाही. ती दिसेल याची हमी नव्हे.

तो निर्णय वैमानिकाचा, परंतु त्याची जागा आधीच ठरलेली असते. पहिल्या श्रेणीच्या अवतरणात निर्णय-उंची २०० फुटांहून कमी नसते आणि धावपट्टीवरील दृश्यमानता सामान्यतः किमान ५५० मीटर असावी लागते. विमान हजार फुटांखाली येण्यापूर्वीच दृश्यमानता मर्यादेखाली गेल्याचे कळले, तर पुढे येण्यास मनाई आहे. निर्णय-उंचीवर दिवे अथवा पट्टी स्पष्ट न दिसल्यास विमान तत्काळ वर न्यावयाचे असते. ३ अंशांच्या उतारावर २०० फुटांपासून जमीन अवघ्या १५-२० सेकंदांवर असते. तेवढ्यात नव्याने विचार करण्यास अवकाश नाही. म्हणून तो विचार उड्डाणापूर्वीच करून ठेवावयाचा.

दिल्लीसारख्या विमानतळावर तिसऱ्या श्रेणीची व्यवस्था आहे. तेथे योग्य साधनसामग्री व प्रशिक्षित वैमानिक असल्यास विमान स्वयंचलित यंत्रणेने याहून पुष्कळ कमी दृश्यमानतेत उतरू शकते. यंत्राच्या प्रगतीने मर्यादा खाली सरकली. ती नाहीशी मात्र झालेली नाही. मर्यादा गाठल्यावर परत फिरणारा वैमानिक आपल्या कामात अयशस्वी ठरत नाही; उलट ही सर्व व्यवस्था त्याच्याकडून ज्याची अपेक्षा करते, तेच तो करीत असतो.