उकळूनही न जाणारे नायट्रेट

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात नायट्रेटचा सर्वाधिक त्रास असलेल्या पंधरा जिल्ह्यांची यादी आहे. त्यातले सात महाराष्ट्रातले: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ. नंदुरबार त्यात नाही. पण तेवढ्यावर त्या जिल्ह्यातल्या धानोरा गावात कुणी निर्धास्त राहू नये. उकिरडा, संडासाचा खड्डा आणि युरिया टाकलेले शेत विहिरीपासून किती जवळ, यावर बरेच अवलंबून असते. एकाच शिवारातल्या दोन विहिरींचे आकडे वेगळे निघतात.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट चालत नाही. या आकड्यामागे एक डॉक्टर आहे आणि त्याचे नाव आपल्याकडे फारसे कुणी घेत नाही, याची मला खंत वाटते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले हंटर कॉमली. निळसर पडलेले तान्हे बाळ त्यांच्याकडे आले. रुग्णालयात राहिले की रंग सुधारे, घरी गेले की पुन्हा निळे पडे. कॉमलींनी बाळाच्या घरच्या पाण्याचा माग काढला. अशा घरांच्या विहिरी उथळ, शेजारी गोठे आणि संडास, आणि बाळांचे दूध त्याच पाण्यात कालवलेले! १९४५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि बाळांच्या पाण्यासाठी लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रोजनची मर्यादा सुचवली. नायट्रेटच्या हिशेबात ती होते सुमारे ४५.

बाळाच्या जठरात आम्ल कमी असते. तिथले जंतू नायट्रेटचे नायट्राइट करतात, ते हिमोग्लोबिनमधल्या लोहाचे रूप बदलते आणि रक्ताला ऑक्सिजन वाहता येत नाही. यावरचे औषध मिथिलीन ब्लू. निळे औषध शिरेतून गेले की निळे बाळ गुलाबी होते, रसायनशास्त्रातली ही किमया मला आजही थक्क करते. पुढच्या संशोधकांनी दाखवले की पोटातला संसर्ग, जुलाब यांचाही या आजारात हात असतो. म्हणजे घाण पाणी दोन्हीकडून मारते.

आता खरी अडचण. पाणी उकळून प्या, हा सल्ला जंतूंसाठी अगदी योग्य आहे, पण नायट्रेट वाफेबरोबर उडत नाही. भांड्यातले पाणी आटून निम्मे झाले, तर लिटरमागचे ४० मिलिग्रॅम ८० होतात. तुरटी फिरवली, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली, तरी ते जागचे हलत नाही. पाणी नितळ दिसते, चवही बदलत नाही. आरओने ते निघते, पण त्यातून बाहेर पडणारे पाणी नायट्रेटने अधिक दाट झालेले असते. ते पुन्हा विहिरीजवळच मुरले, तर काय साधले?

अंगावर दूध पिणारे बाळ सुरक्षित असते, कारण आईच्या दुधात नायट्रेट फारसे उतरत नाही. बाटलीच्या बाळासाठी मात्र नायट्रेट तपासलेलेच पाणी घ्या. गावाचा नमुना प्रयोगशाळेत जातो, तेव्हा जंतूंच्या निकालावर थांबू नका. ग्रामसभेत उभे राहून नायट्रेटचा आकडा विचारा, आणि तोही प्रत्येक विहिरीचा, प्रत्येक हातपंपाचा वेगळा.