एक पेला, दोन रंग

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इसवी सनाच्या चौथ्या शतकातला एक रोमन काचेचा पेला आहे. द्राक्षवेलीत अडकलेला राजा लायकर्गस त्यावर कोरला आहे, म्हणून तो लायकर्गसचा पेला. बाहेरून उजेड पडला की तो हिरवा दिसतो. आत दिवा ठेवला की माणकासारखा लाल. काच तीच, मग रंग का बदलतो?

असेच काहीसे वर्गात दाखवता येते. पेलाभर पाण्यात दुधाचे चारपाच थेंब टाका आणि अंधारात त्यातून टॉर्चचा झोत सोडा. बाजूने पाणी निळसर दिसते, झोताच्या समोरून पाहिले तर पिवळसर-तांबूस. दुधातले बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. उरलेला आरपार जातो. कोडे निम्मे इथेच सुटले. पण या विकिरणात तरंगलांबी जितकी कमी, तितके विखुरणे अधिक. त्या हिशेबाने पेला बाहेरून निळा दिसायला हवा. हिरव्याची निवड केली कोणी?

पेल्याच्या काचेत सोने व चांदी यांच्या मिश्रधातूचे ५० ते १०० नॅनोमीटरचे कण आहेत. (एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर.) धातूत इलेक्ट्रॉन मोकळे असतात. कण प्रकाशाच्या तरंगलांबीहून बराच लहान, त्यामुळे प्रकाशलहरीचे विद्युतक्षेत्र त्यातल्या सगळ्या इलेक्ट्रॉनांना एकदमच एका बाजूला ढकलते. मागे राहिलेला धनभार त्यांना परत ओढतो. झाला झोका! प्रत्येक झोक्याची स्वतःची लय असते आणि त्या लयीत ढकलले तरच तो उंच जातो. यालाच अनुस्पंदन म्हणतात. इलेक्ट्रॉनांच्या या सामुदायिक झोक्याला प्लाझ्मॉन. दुधाच्या कणांत मोकळे इलेक्ट्रॉन नाहीत, म्हणून ही निवडही नाही.

लय ठरते धातूवरून, कणाच्या आकारावरून आणि भोवतालच्या माध्यमावरून. पाण्यातल्या २० नॅनोमीटरच्या सुवर्णकणांची लय सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे हिरव्या प्रकाशाशी जुळते. तो शोषला जातो व पाणी लाल दिसते. चांदीच्या तशाच कणांची लय सुमारे ४०० नॅनोमीटरला, जांभळ्याशी जुळते. म्हणून ते पाणी पिवळे.

इथे ‘शोषला जातो’ म्हटले, ‘विखुरला जातो’ नव्हे. लहान कणात शोषणाचीच सरशी असते. व्यास दुप्पट केला तर शोषण साधारण आठपट वाढते, विकिरण मात्र चौसष्टपट! पेल्यातले कण विकिरण डोळ्यांना दिसावे इतके मोठे आहेत, म्हणून बाहेरून हिरवा. रोमन कारागिरांना यातले काही ठाऊक असणे शक्य नव्हते.

मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली सोन्याचे असे लाल द्रव तयार केले आणि रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे येतो हे ओळखले. गणित गुस्ताव मी यांनी १९०८ मध्ये मांडले. फॅरडे यांनी त्या द्रवात मीठ टाकले तेव्हा लाल रंग निळा झाला. सुवर्णकणांवर ऋणभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ठेवतात. मिठाने ते अपसारण झाकले जाते, कण जवळ येतात, त्यांचे झोके एकमेकांत गुंततात आणि लय संथ होऊन लाल प्रकाशाकडे सरकते. लाल गेला की निळा उरतो.

कोविडच्या घरगुती तपासणीच्या अनेक पट्ट्यांवर उमटणारी गुलाबी रेघ अशाच सुवर्णकणांची असते. तिथे वेगळा रंग घालावा लागत नाही. एका रेघेवर पुरेसे कण अडकले की ती डोळ्यांना दिसते.