नर्सिंगचं सामान : पैसे कुठे घालावेत, कुठे नाही

नर्सिंगला नंबर लागला की घरात आधी फीची चौकशी होते, मग सामानाची. ब्रह्मपुरी असो, सिंदेवाही असो की अहेरी, विद्यार्थिनीच्या हातात एक यादी पडते : गणवेश, पांढरे बूट, स्टेथो, बीपी ऑपरेटस, घड्याळ, टॉर्च, पुस्तकं. यातलं वॉर्डात काय असतं आणि स्वतःचंच काय हवं, हे यादी सांगत नाही. दुकानदार तर सांगणारच नाही. धानाच्या किंवा तेंदूपत्त्याच्या पैशावर मुलीला शिकवणाऱ्या घराला मात्र हा फरक महिनाभराच्या किराण्याएवढा पडू शकतो.

सगळ्यात घट्ट बसलेला समज म्हणजे स्टेथो लिटमनचाच हवा, साध्यात ऐकू येत नाही. लिटमन चांगला असतो, यात वाद नाही. पण हृदयाच्या झडपांचे बारीक आवाज वेगळे ओळखायचे असतील, तेव्हा त्याची किंमत वसूल होते. बीपीचे ठोके, हृदयाच्या टोकावरची नाडी, श्वासाचा आवाज, आतड्यांची हालचाल हे पहिल्या वर्षी ऐकायचं सगळं धड बनावटीच्या भारतीय स्टेथोत ऐकू येतं. ऐकू येत नसेल तर आधी कानातली टोकं तपासावीत. ती नाकाच्या दिशेने, म्हणजे पुढे झुकलेली हवीत. उलटी घातली की महागडा स्टेथोही मुका होतो. नळीला चीर नको आणि टोकं कानात घट्ट बसावीत, एवढं दुकानातच बघता येतं. लिटमनच्या नावाच्या नकलाही बाजारात असतात, त्यामुळे ‘स्वस्तात लिटमन’ म्हणजे बहुधा दोन्हीकडून तोटा.

भारी उपकरण म्हणजे अचूक निदान, या समजुतीला सगळ्यात चोख उत्तर गडचिरोलीतच मिळालं आहे. 1980च्या दशकात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने इथल्या गावांत बालकांच्या न्यूमोनियावर काम सुरू केलं. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे एका मिनिटातले श्वास मोजावे लागतात. पण गावातल्या अनेक दायांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पन्नास-साठपर्यंतची मोजणी अवघड होती. त्यांच्यासाठी मण्यांच्या दोन ओळी आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ असं एक साधन तयार झालं. एक ओळ दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी, दुसरी त्याहून मोठ्या मुलांसाठी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं तर न्यूमोनिया धरायचा. बॅटरी नाही, पडदा नाही. गावपातळीवर उपचार करून न्यूमोनियाचे बालमृत्यू कमी करता येतात, हे दाखवणारा गडचिरोलीचा अभ्यास 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

त्यामुळे सेकंदकाट्याचं घड्याळ हा चैनीचा खर्च नव्हे. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला 60, एक वर्षापर्यंत 50 आणि पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. तान्ह्या बाळाचा श्वास मध्येच थांबतो, मध्येच पळतो, म्हणून पूर्ण मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणणं इथे चालत नाही. छातीवर टाचायचं घड्याळ घ्यावं, म्हणजे हात कोपरापर्यंत धुताना मनगट मोकळं राहतं. स्मार्टवॉच नको. ‘ऑक्सिजन दाखवणारं’ मोबाइलचं ॲप तर मुळीच नको, त्यावर रुग्णाची नोंद करता येत नाही.

स्वतःचं बीपी ऑपरेटसही लगेच घ्यायला नको. वॉर्डात ते असतं, आणि होस्टेलवर सरावाला चौघींत एक पुरतं. डायलचं मशीन गाडीवर आदळत नेलं की त्याचा काटा शून्यावरून हलतो, आणि मग ते विश्वासाने चुकीचा आकडा दाखवत राहतं. खरी चूक मात्र मशीनपेक्षा पट्ट्यात होते. नेहमीचा मोठ्यांचा पट्टा साधारण 27 ते 34 सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. कुरखेडा, धानोरा, भामरागडकडच्या अनेक गरोदर बायांचा दंड त्याहून बारीक असतो. बारीक दंडाला मोठा पट्टा लावला तर बीपी प्रत्यक्षाहून कमी येतं. 140/90 ओलांडलेली बाई मग कागदावर ‘नॉर्मल’ होऊन घरी जाऊ शकते. जाड दंडाला लहान पट्टा लावला की उलट होतं, आकडा वाढतो.

म्हणून माझ्या यादीत न ताणणारी मोजपट्टी महागड्या मशीनच्या वर आहे. तिनेच दंडाचा घेर, गर्भाशयाची उंची आणि बाळाच्या डोक्याचा घेर मोजता येतो, आणि किंमत चहा-नाश्त्याएवढी. तिच्याबरोबर एक टॉर्च घ्यावी, सेलवर चालणारी. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होऊ शकतो आणि वीजही जाऊ शकते. पुढे पोस्टिंग कुठे लागेल, कोणी सांगावं!

बुटांत कंजुषी नको. कापडी पांढरे बूट स्वस्त पडतात, पण पावसाळ्यात वाळत नाहीत आणि वरून पडलेली सुई त्यांतून आत जाते. पुढून बंद, धुता येणारे, न घसरणारे बूट घ्यावेत, तेही संध्याकाळी. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, सकाळी बरोबर बसलेला बूट ड्यूटीच्या शेवटी चावतो. गणवेश निदान दोन हवेत, पावसाळ्यात तीन असले तर बरं. पुस्तकं सिनियरकडून घ्यावीत. फक्त बीएस्सीला 2021-22 पासून सत्र पद्धत आली आहे, तेव्हा जुन्या संचात धड्यांची विभागणी वेगळी निघेल. शरीररचना मात्र तीच आहे.

ग्लोव्ह्ज-मास्कचे खोके घरून आणायचे, हाही एक समज. वॉर्डात काम करताना ते पुरवणं रुग्णालयाचं काम आहे. मागायला लाजू नये.

आणि यादीत बहुधा नसलेली गोष्ट म्हणजे हिपॅटायटिस-बीची लस. ‘लहानपणी सगळ्या लसी झाल्यात’ हे उत्तर इथे पुरेसं नाही. ही लस देशभरच्या लसीकरणात 2011 च्या सुमारास आली, त्यामुळे आधी जन्मलेल्यांना ती मिळालीच असेल असं नाही. तीन डोस असतात : पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. म्हणजे वॉर्डात पाऊल टाकण्याआधी सुरुवात हवी. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार असा कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस देणं ही आरोग्य संस्थेची जबाबदारी आहे. तेव्हा पैसे भरण्याआधी ट्यूटरला विचारावं. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची रक्त तपासणी करावी. आकडा 10 किंवा वर आला तर संरक्षण मिळालं, कमी आला तर डोस पुन्हा घ्यावे लागतात. ही तपासणी खिशातून करावी लागली तरी करावी. स्टेथोतून वाचलेले पैसे इथे घालावेत.

सुई टोचलीच तर बोट दाबून रक्त काढू नये. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावं आणि लगेच ड्यूटीवरच्या सिस्टरला सांगावं. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध दोन तासांत सुरू झालेलं उत्तम, 72 तासांनंतर त्याचा उपयोग नाही. रागावतील म्हणून पहिल्या वर्षाच्या मुली हे लपवतात, आणि त्यातच ते तास निघून जातात.