शेवटच्या गड्याचा रोज

सकाळी गावच्या चौकात मजूर उभे असतात. कुणाच्या हातात विळा, कुणाच्या खांद्यावर कुदळ. मालक येतो, बघतो आणि धट्टाकट्टा गडी आधी नेतो. म्हातारा, आजारी, अंगाने बारीक असा माणूस मागे राहतो. आपण हे सगळे पाहिले आहे.

येशू ख्रिस्ताने सांगितलेली एक गोष्ट अशाच चौकातली आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्याने ती पॅलेस्टाइन देशात सांगितली. बायबलातल्या मत्तय नावाच्या भागात ती आहे.

एका मालकाचा द्राक्षांचा मळा होता. त्याने पहाटे चौकात जाऊन गडी लावले. रोज ठरला एक दीनार. दीनार म्हणजे चांदीचे नाणे, त्या काळची एका दिवसाची मजुरी. मग तो नऊच्या सुमारास पुन्हा गेला. बाराला गेला, तीनला गेला. दर वेळी रिकामे उभे असलेले गडी त्याने मळ्यात धाडले. दिवस मावळायला तासभर उरला, तरी काहीजण उभेच होते.

"अरे, दिवसभर इथंच उभे?"

"काय करणार धनी, कुणी बोलावलंच नाही."

"मग चला माझ्या मळ्यात."

संध्याकाळ झाली. यहुदी लोकांच्या शास्त्रात नेम होता, की मजुराचा रोज त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यावा. कारण त्या गरिबाचा जीव त्यावर असतो. (हा नेम आम्हाला फार मोलाचा वाटतो. मजुरीसाठी खेटे घालणाऱ्याला तो लगेच पटेल.)

मालकाने मुकादमाला सांगितले, शेवटच्यापासून वाटायला लाग. तासभर राबलेल्याच्या हातावर पुरा दीनार पडला! पहाटेच्या गड्यांना आशा सुटली. पण त्यांनाही एकच दीनार मिळाला. ते चिडले.

"आम्ही दिवसभर उन्हात राबलो, अन् ह्यांना आमच्याइतकंच?"

मालक म्हणाला, "गड्या, तुझं ठरलेलं तुला दिलं. ह्याला दिलं ते माझ्या खुशीनं. मी भलं वागलो, त्याचं तुला का वाईट वाटावं?"

ख्रिस्ती लोक मानतात, हा मालक म्हणजे देव. पहाटेच्या गड्याचा पैसा कापला नाही, तो न्याय. शेवटच्याला कमाईपेक्षा जास्त मिळाले, ती कृपा. तासाभराच्या मजुरीत त्याच्या घरची चूल पेटली नसती.

मग कुणी म्हणेल, देव शेवटी माफच करणार, तर आज लबाडी केली म्हणून काय बिघडले? ही शंका फार जुनी आहे. पौल नावाच्या प्रचारकाने रोमच्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिले. त्यात त्याने या शंकेला साफ 'नाही' असे उत्तर दिले. मत्तयाच्या त्याच पुस्तकात शेवटच्या न्यायाची हकीकतही आहे. भुकेल्याला अन्न दिलेस का? तहानेल्याला पाणी? कैद्याला भेटलास का? यावर तिथे निवाडा होतो, आणि ज्याने पाठ फिरवली त्याला शिक्षा सांगितली आहे. म्हणजे स्वतः कृपा घ्यायची आणि शेजाऱ्याला उपाशी ठेवायचे, हे चालत नाही.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती धर्म घेतला. पुढे पुणे जिल्ह्यात केडगावला त्यांनी मुक्ती मिशन उभारले. वाईट चालीच्या म्हणून लोकांनी टाकलेल्या बायकांसाठी तिथे त्यांनी वेगळे घर काढले. त्याचे नाव कृपासदन.

राहिला पहाटेचा गडी. खरे सांगायचे तर आमचे मन त्याच्याकडेही ओढते. त्याने सोसलेले ऊन काही खोटे नव्हते. मालकाच्या प्रश्नावर तो काय बोलला, हे मात्र गोष्टीत सांगितलेले नाही.