गावाचे वीजबिल आणि हवेतील कार्बन

विजेचा विषय निघाला की आपण महावितरणकडे बोट दाखवून मोकळे होतो. परंतु रस्त्यावरचे दिवे आणि पाणीपुरवठ्याचे पंप ही आपल्याच नगरपरिषदांची व ग्रामपंचायतींची कामे आहेत. 1993 साली अमलात आलेल्या 73 व्या व 74 व्या घटनादुरुस्तीने पथदिवे बाराव्या अनुसूचीत, तर अपारंपरिक ऊर्जा अकराव्या अनुसूचीत घातली. तेव्हा वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर येथील नगरपरिषदांना किंवा कोणत्याही ग्रामपंचायतीला हा विषय परका नाही.

विद्यार्थ्यांनी थोडे गणित मांडून पाहावे. आपल्याकडची बरीचशी वीज कोळशावर तयार होते. त्यामुळे एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. समजा गावात 100 ट्यूबलाइटचे दिवे आहेत आणि चोकसह प्रत्येकी 55 वॅट खातात. त्या जागी 20 वॅटचे एलईडी लावले, तर रोज 11 तासांप्रमाणे वर्षाला सुमारे 14,000 युनिटे वाचतात, म्हणजे जवळजवळ 10 टन कार्बन डायऑक्साइड. दिवस उजाडला तरी जळत राहणारे दिवे यात धरलेले नाहीत. त्यांना तर केवळ टायमर पुरतो.

पाण्याचे गणित अधिक डोळे उघडणारे आहे. एक लाख लिटर पाणी 50 मीटर उंच चढवायला पंपाची कार्यक्षमता निम्मी धरल्यास 27 युनिटे लागतात. त्यातले एक तृतीयांश पाणी फुटक्या जलवाहिनीतून गेले, तर रोज 9 युनिटे मातीत गेली. बिल थकले की नळ आणि दिवे दोन्ही बंद पडतात, आणि मग गावकुसाकडच्या वस्तीतल्या बायकांना अंधारात हंडे घेऊन हिंडावे लागते. म्हणून वाचलेल्या पैशातून पहिला खांब त्याच वस्तीत उभा राहावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

राहिला सौरऊर्जेचा प्रश्न. 5 ऑक्टोबर 2024 रोजी आपल्याच पोहरादेवीत पंतप्रधानांच्या हस्ते राज्यातील एकूण 19 मेगावॅटच्या पाच सौर उद्यानांचे लोकार्पण झाले. ती मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मधील होती. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी यासाठी उपकेंद्राजवळच्या जागेवर असे प्रकल्प उभारतात. त्यात गायरानही येते. ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरसाल 5 लाख रुपये देण्याची तरतूद आहे. योजना चांगलीच आहे. मात्र गायरान म्हणजे मोकळी जमीन, हे गृहीत धरू नये. 1959 व 1964 साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले ते जमिनीसाठीच, आणि आजही अनेक कुटुंबे गायरान कसून पोट भरतात. ठराव ग्रामसभेत येण्यापूर्वी गाव नमुना 1-ई, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही, समोर ठेवून घ्यावी. ती ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यांकडे, असते.