कोणत्या रायपूरचे मोजमाप?

छत्तीसगडमधील रायपूरच्या बूढापाऱ्यात बूढा तालाबाच्या काठी अंगणवाडी सेविकांपासून कंत्राटी कर्मचाऱ्यांपर्यंत अनेकांची धरणे आंदोलने वर्षानुवर्षे होत आली. 2022 मध्ये आंदोलनस्थळ नवा रायपूरकडच्या तूता गावी हलले. उद्या कोणी ‘बूढापाऱ्यातील आंदोलने’ हा सामाजिक स्वास्थ्याचा निर्देशक धरला, तर 2022 नंतर आलेख सपशेल खाली येईल. पण त्याचा अर्थ गाऱ्हाणी मिटली असा नाही. ती दुसरीकडे गेली, एवढेच. जिल्ह्याचा समाज, पर्यावरण आणि अर्थकारण टिकाऊ आहे की नाही, हे काळाच्या ओघात मोजू पाहणाऱ्याला हा चकवा पावलोपावली भेटतो.

पहिला प्रश्न हद्दीचा. या मुलखाचे हिशेब जुने आहेत. नागपूरकर भोसल्यांच्या सुभेदारांनी गढांची जुनी व्यवस्था मोडून परगणे पाडले. 1818 नंतर कर्नल अॅग्न्यूने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आणले. पुढे इंग्रजी अमदानीत जमाबंदीचे अहवाल, जनगणना आणि 1909 चे जिल्हा गॅझेटियर आले. माहितीला तोटा नाही. मात्र या प्रत्येक कागदावरचे ‘रायपूर’ वेगळे आहे. 1901 साली जिल्हा सुमारे 11,700 चौरस मैलांचा होता. 1906 मध्ये दुर्ग निघाला, 1998 मध्ये महासमुंद आणि धमतरी, 2012 मध्ये बलौदाबाजार आणि गरियाबंद. आज उरला आहे तो 1901 च्या जिल्ह्याचा जेमतेम दहावा हिस्सा.

शेवटच्या फाळणीने आकड्यांचे काय केले ते पाहू. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 40 लाखांवर होती आणि शहराची दहा लाखांवर, म्हणजे चौथा हिस्सा. हेच आकडे आजच्या हद्दीत बसवले, की शहर जिल्ह्याच्या जवळपास निम्मे होते. एकही कुटुंब गाव सोडून शहरात आले नाही, तरी जिल्हा रातोरात शहरी झाला. साक्षरता, नळाचे पाणी, दवाखान्यातली बाळंतपणे या सगळ्यांच्या सरासरीला आपोआप उठाव मिळतो, आणि गरियाबंदची जंगलपट्टी रायपूरच्या हिशेबातून अलगद गळून पडते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची चौथी फेरी (2015-16) 2011 च्या 640 जिल्ह्यांवर बेतलेली होती. पाचवी (2019-21) मार्च 2017 च्या 707 जिल्ह्यांवर. दोन्हींत रायपूर आहे, पण पहिले अखंड आणि दुसरे उरलेले. महाराष्ट्रातही हेच घडले. 2014 मध्ये पालघर वेगळा झाला आणि जव्हार-मोखाड्याचे कुपोषण ठाण्याच्या सरासरीतून बाहेर पडले. ठाण्याने त्यासाठी काही केले असे नव्हे.

दुसरा प्रश्न मापाचा. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये 17 शाश्वत विकास ध्येये ठरवली आणि नीती आयोगाने 2018 पासून राज्यांना त्यांवर गुण द्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी 62 निर्देशक होते, नंतर 100, 115 आणि 2023-24 मध्ये 113. पहिल्या दोन आवृत्त्यांत छत्तीसगडचे गुण 58 वरून 56 वर आले. राज्य घसरले की प्रश्नपत्रिका बदलली, हे नुसत्या गुणांवरून सांगता येत नाही.

क्रमवारी तर त्याहून फसवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2014 च्या यादीत सूक्ष्म धूलिकणांच्या प्रदूषणात रायपूर जगात चौथे होते, आकडा घनमीटरमागे 134 मायक्रोग्रॅम. उरला-सिलतराच्या लोखंड कारखान्यांचा पट्टा शहराला लागूनच आहे. 2016 च्या यादीत रायपूर सातवे झाले. ऐकायला बरे वाटते, पण आकडा 144 होता. हवा बिघडली होती. नव्या यादीत तिच्याहून वाईट हवेची जास्त शहरे आली होती, म्हणून क्रमांक सुधारला.

पाण्याचा जमाखर्चही असाच नीट वाचावा लागतो. राजबंधा तलाव बुजवून झालेले मैदान आज मोक्याची बाजारपेठ आहे. उत्पन्नाच्या रकान्यात ती मिळकत दिसते, पण गेलेला तलाव कोणत्याही रकान्यात खर्ची पडत नाही. बूढा तालाब टिकला, त्याचा विवेकानंद सरोवर झाला. बालपणी नरेंद्र, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, 1877 पासून दोनेक वर्षे काठच्या बूढापाऱ्यात राहिला होता. तलावाचे सुशोभीकरण झाले की जमेत भर पडते, पण पाण्याच्या शुद्धतेचा त्या आकड्याशी संबंध असेलच असे नाही.

मग चांगला निर्देशक कसा असतो? अमेरिकेतल्या सिएटल शहरात नागरिकांनी 1993 मध्ये स्वतःचे निर्देशक काढले, तेव्हा त्यांत ओढ्यांत परतणारे सामन मासेही होते. मासे मोजायला सोपे, आणि ते घटले की पाणी, जंगल आणि रोजगार तिन्ही बिघडल्याचे लोकांना कळते. रायपूरसाठी असा निर्देशक म्हणजे वैशाखात तलावात उरणारे पाणी.

उपाय अवघड नाही. आजचा जिल्हा धरसींवा, आरंग, अभनपूर आणि तिल्दा या चार विकासखंडांचा आहे. जुन्या जनगणनांतले याच चार खंडांचे आकडे उचलून मागे जावे, म्हणजे तुलना एकाच भूमीची होईल. दहाएक निर्देशक निवडून ते वीस वर्षे बदलू नयेत. क्रमांक छापला तर मूळ आकडाही छापावा. शहर आणि खेडी वेगळी दाखवावीत, आणि बुजवलेला तलाव खर्चात मांडावा. 2027 च्या जनगणनेसाठी देशभर हद्दी गोठवल्या आहेत. आकडे जुळवायला याहून सोयीची वेळ नाही. ती दवडली, तर पुढच्या अहवालात रायपूरची जी प्रगती छापली जाईल, तिच्यात नकाशाचा वाटा किती आणि माणसांचा किती, हे कोणालाच सांगता येणार नाही.